एकोणचाळीसला निघायचं की त्रेचाळीसला? कुंभार गल्लीतल्या एका घराचं प्रकरण

२२ जुलै २०२१, गुरुवार, सकाळचे साडेदहा. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतलं माझं माहेर. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती १० सप्टेंबरला बसणार होते. फळ्यांवर, कॉटवर, जिन्याच्या पायऱ्यांवर मिळून दोनशे साठ मूर्ती होत्या. त्यातल्या साठेक रंगवून झालेल्या, बाकीच्या पांढऱ्या. पावसाने समोरच्या घराचं दारही दिसत नव्हतं. मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत सारखी येत होती आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता.

आप्पा, माझे वडील, म्हणाले, "त्रेचाळीस होऊ दे. मग बघू."

या एका वाक्यावर घरात सहा तास वाद चालला. तो कसा झाला, कोणाचं म्हणणं काय होतं, त्यातलं कोणतं बरोबर ठरलं आणि आम्ही काय गमावलं, ते मी सविस्तर लिहून ठेवते आहे. पुरात काय झालं हे सगळे सांगतात. पूर यायच्या आधीच्या सहा तासांत घरात काय बोलणं झालं, हे कोणी सांगत नाही. आणि खरा निर्णय तर तिथेच होत असतो.

घर कुठे आहे

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला वाटेल की पुराचा धोका नदीकाठच्या घराला. आमच्या गल्लीतून पंचगंगा दिसतही नाही. आमच्या मागे आहे तो जयंती नाला. शहराच्या मधून वाहत जाऊन तो पंचगंगेला मिळतो. नदी खाली असते तेव्हा नाला निमूटपणे तिच्यात उतरतो. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट नदीचंच पाणी नाल्यातून मागे शहरात शिरतं. त्याला आम्ही फूग म्हणतो. त्यामुळे आमच्याकडे पूर रस्त्याने येत नाही. तो मागच्या बाजूने येतो, गटारातून आणि मोरीच्या भोकातून, आवाज न करता. पहिलं पाणी स्वच्छही नसतं आणि त्याला वेगही नसतो. बघणाऱ्याला वाटतं, गटार तुंबलंय.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण हे आकडे नदीचे आहेत, घराचे नाहीत. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी लवकर शिरतं, म्हणून तिथली कुटुंबं दरवर्षी आधी हलतात, बहुतेकदा जवळच्या चित्रदुर्ग मठात. आमच्या गटाराला पाणी लागतं ते धोका पातळी ओलांडल्यानंतर. म्हणजे आप्पांचं "त्रेचाळीस होऊ दे" हे वेडेपणाचं बोलणं नव्हतं. त्रेचाळीसला आमचा सोपा कोरडाच असतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

भिंतीवरची रेघ

आमच्या सोप्याच्या भिंतीवर गेरूची एक रेघ होती. २००५ च्या पुरात पाणी तिथपर्यंत आलं होतं. साधारण कमरेइतकं. पाणी ओसरल्यावर आज्जीने स्वतःच्या हाताने ती ओढली होती, पुढच्या वेळी कळावं म्हणून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या रेघेनेच आमचा घात केला. पाणी येणार हे कळलं तेव्हा आप्पा आणि दादाने रात्रभर खपून सगळ्या मूर्ती रेघेच्या वर चढवल्या. टेबलावर फळ्या, फळ्यांवर विटा, विटांवर पुन्हा फळ्या. रेघेच्या वर हातभर जागा सोडली होती. एवढी काळजी घेतली म्हणून त्यांना समाधानही वाटलं. त्या वर्षी बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांवर गेली, २००५ ला काही फूट मागे टाकून. शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. प्लॅस्टरच्या फुगून तडकल्या, त्यांचा रंग पाण्यावर तवंगासारखा तरंगत राहिला. चार दिवसांनी दार उघडलं तेव्हा सोप्यात पांढरा चिखल होता. त्यातून दादाने एक सोंड उचलली आणि तो खाली बसला.

आज्जीला त्या वेळी जवानांनी रबरी बोटीतून काढलं. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. बोटीत चढताना तिचा पाय घसरला, आणि तेव्हापासून तिला बोट या शब्दाची भीती बसली. त्याच आठवड्यात ८ ऑगस्टला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं गेली. ती बातमी आज्जीने ऐकली होती. म्हणून "शेवटी बोट येईलच की" हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर कोणी उच्चारलं नाही. उशिरा निघणाऱ्याच्या मनात कुठेतरी ही बोट असते. ती सुटकेची सोय वाटते, पण पुरातला सगळ्यात धोक्याचा प्रवास तोच असतो.

मूर्ती एका हंगामाच्या होत्या. त्याहून मोठा घाव बसला साच्यांचा. रबराचे आणि फायबरचे साचे म्हणजे कुंभाराची वीस वर्षांची कमाई. ते चिखलात रुतले, वाकडे झाले, काही वाहून गेले. पुढची दोन वर्षं आम्ही दुसऱ्याचे साचे भाड्याने आणून काम केलं.

२०२१ मध्ये काय वेगळं होतं

चार गोष्टी वेगळ्या होत्या. त्यातल्या दोन निघण्याच्या बाजूच्या, दोन थांबण्याच्या.

पहिली गोष्ट, मूर्ती लहान होत्या. कोरोनामुळे सरकारने सार्वजनिक मंडळांची मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असावी असं ठरवलं होतं. २०१९ मध्ये मंडळांच्या मूर्ती दारातून बाहेर निघतच नव्हत्या. यंदा सगळं टेम्पोत बसण्याजोगं होतं.

दुसरी, जायला जागा होती. माझं घर आर. के. नगरला, चढावर. आणि लग्नांवर बंधनं असल्यामुळे तिथला ओळखीचा एक हॉल रिकामा पडून होता. हॉलवाल्या काकांनी सकाळीच किल्ली दिली होती.

तिसरी गोष्ट माडी. २०१९ नंतर दादाने कर्ज काढून पत्र्याची माडी चढवली होती. ती पुरासाठीच बांधली होती. आणि नेमकी तीच आता निघण्याच्या आड आली. "माडी हाय की आता," आप्पा म्हणत. सुरक्षिततेसाठी केलेली सोय माणसाला जागेवर बसवून ठेवते, हे मी त्या दिवशी पाहिलं. माडीचा जिना हातभर रुंद. एका वेळी एक मूर्ती, एक माणूस. दोनशे साठ मूर्ती तिथे मावणारही नव्हत्या.

चौथी, कोरोना. त्या जून-जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातला संसर्ग राज्यात सगळ्यात जास्त असलेल्या जिल्ह्यांत गणला जात होता. आज्जीचा एकच डोस झाला होता. चार घरची माणसं एकत्र येऊन मूर्ती उचलणार, टेम्पोवाला आत येणार, म्हणजे तिच्यासाठी तोही धोकाच. वहिनी सकाळपासून मास्क लावून हिंडत होती आणि सगळ्यांना ओरडत होती.

सहा माणसं, पाच म्हणणी

आप्पांचं म्हणणं मी वर सांगितलं. त्यांच्याकडे अजून एक मुद्दा होता: "राधानगरीचे दरवाजे उघडल्याचं कुठं ऐकलं न्हाई अजून." कोल्हापुरात पुराचा विचार राधानगरीपासून सुरू होतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं ते धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर. ती बातमी आली की शहर सावध होतं. पण बातमी आली नाही म्हणजे धोका नाही, हा उलटा हिशोब चुकीचा आहे. पंचगंगा कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची मिळून बनते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. धरणांच्या खाली जो मोकळा मुलूख आहे तिथे पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजाची वाट बघत नाही, सरळ नदीत उतरतो. त्या दिवशी सह्याद्रीवर ढगच कोसळले होते. २२ ते २३ जुलै या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दरवाजांकडे बघत बसलेल्या माणसाला हा पाऊस दिसत नाही.

दादाला मूर्ती आधी हलवायच्या होत्या. त्याच्या डोक्यावर माडीचं कर्ज होतं आणि साठ मूर्तींची आगाऊ रक्कम त्याने रंगात आणि मजुरीत घालवली होती. "माणसं काय, पाच मिनिटात निघतील. मूर्ती न्हाई निघायच्या."

वहिनीचं नेमकं उलट. आधी आज्जी आणि दोन्ही पोरं, मग बाकी सगळं. २०१९ मध्ये ती सात महिन्यांची गरोदर होती आणि त्या चार दिवसांबद्दल ती आजही बोलत नाही.

आई कोणाच्याच बाजूने बोलली नाही. ती भात टाकायला गेली. मी तेव्हा चिडले होते. नंतर लक्षात आलं, तिने भात पातेलंभर टाकला होता, डब्यात भरून न्यायला.

आज्जी म्हणाली, "मी कुठं न्हाई जायची. व्हायचं ते हितंच हुंदे."

आणि मी. माझा आग्रह लगेच निघण्याचा होता. पण मी सासरी राहणारी, चढावरच्या घरातली. माझं काही बुडणार नव्हतं. आप्पा एकदा तसं बोलूनही गेले. ते बोलणं लागलं, पण त्यात तथ्य होतं. निघा म्हणणं सोपं असतं ज्याला निघायचं नसतं त्याला.

प्रश्न बदलला तेव्हा

दुपारी तीन वाजेपर्यंत आम्ही एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो: पाणी येणार का? आप्पा म्हणायचे न्हाई येत, दादा म्हणायचा येणार. दोघांकडे दाखले होते. हा प्रश्न सुटणारच नव्हता, कारण त्याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं.

वहिनीने पोराची पाटी घेतली आणि दुसराच प्रश्न घातला. "तुम्ही नि मामंजी राहू द्या, मला एवढंच सांगा, सगळं हलवायला किती तास लागतात?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी मांडलं नव्हतं. छोटा हत्ती टेम्पोत गवताचा थर देऊन नीट रचल्या तर चाळीस मूर्ती. दोनशे साठ मूर्तींना सात खेपा. भरणं, पावसात हळू जाणं, उतरवणं, परत येणं, एका खेपेला दीड तास. म्हणजे साडेदहा तास. साच्यांची खेप वेगळी, ती धरून बारा. गल्लीत पाणी आल्यावर एकही खेप नाही.

पाटीवर बारा लिहिलं आणि घर गप्प झालं. त्रेचाळीस झाल्यावर आमच्या गटाराला पाणी लागायला जे काही तास मिळतात ते बारा कधीच नसतात. नदी इंचाइंचाने चढत असती तर कदाचित मिळालेही असते. त्या दिवशी ती फुटाफुटाने चढत होती. म्हणजे त्रेचाळीसची वाट बघणं हे थांबून विचार करणं नव्हतंच. तो न बोलता घेतलेला निर्णय होता: मूर्ती सोडून द्यायच्या.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण हाच. पाणी येणार का, याचं उत्तर हवामान खात्याकडे आणि नदीकडे असतं. आपल्याला निघायला किती वेळ लागतो, याचं उत्तर आपल्याकडे असतं आणि ते पावसाळ्याच्या आधीही काढता येतं. आम्ही ते मे महिन्यात काढलं असतं तर तीनशे साठ मिनिटं भांडण्यात गेली नसती. त्या सहा तासांत चार खेपा होतात.

टेम्पो आला साडेचारला

ओळखीचा टेम्पोवाला सकाळी रिकामा होता. दुपारी तो दुसऱ्या गल्लीत गुंतला होता. सगळं शहर एकाच वेळी निघायचं ठरवतं, तेव्हा टेम्पो, हमाल, गवत, दोरी, कशाचाच भरवसा राहत नाही. उशीर होतो तेव्हा पाणी चढतं आणि बाजारही आटतो. दोन्ही बाजूंनी वेळ कमी होते.

पहिल्या खेपेत आज्जीला न्यायचं ठरलं, आणि ती हलेना. दादाने समजावलं, मी रडले, वहिनीने पोरांना पुढे केलं. २०१९ ची आठवण दिली तर ती आणखीच घट्ट बसली. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. तिला निघण्याची आठवण म्हणजे बोट आणि घसरलेला पाय. थांबण्याची आठवण म्हणजे ऐंशी वर्षांचं घर.

मग आई चुलीपासून उठून आली. तिने आज्जीला एवढंच विचारलं, "आत्ती, तिकडं हॉलात मूर्तीपाशी कोण बसणार? ही पोरं सगळी हिकडं. कुत्रं-मांजर शिरलं तर?"

आज्जीने दोन मिनिटं काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "माझी चादर दे."

ती टेम्पोत पुढे बसली आणि गेली. भीती घालून जी हलली नाही ती काम दिल्यावर हलली. हॉलमध्ये तिने खुर्ची दाराशी लावून घेतली आणि पुढचे सहा दिवस ती तिथून उठली नाही. येणाऱ्या प्रत्येक खेपेची मोजणी तिने केली. तिचा आकडा दादाच्या वहीशी एकाने चुकला, आणि चूक दादाची निघाली.

म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला सांगताना आपण त्याला ओझं असल्यासारखं बोलतो: तुला आधी हलवायला हवं, तुझी काळजी आहे. आज्जीसाठी ते ऐकणं पुराहून वाईट होतं. माझ्या आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण आपत्तीच्या वेळी माणसं हलवणाऱ्या प्रत्येकाने ते शिकावं असं मला मनापासून वाटतं.

घर सोडताना जी वस्तू, जो जीव मागे राहतो, तोच निर्णय अडवतो. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीला विचारा, तिथे माणूस म्हशीसाठी थांबतो. दावणीला बांधलेली म्हैस सोडून कोणता शेतकरी शाळेच्या खोलीत झोपायला जाईल? अमेरिकेत २००५ च्या कतरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्स सोडण्याचा सक्तीचा आदेश निघाला तो वादळ धडकण्याच्या आदल्या दिवशी. गाडी नसलेले अडकले, आणि कुत्र्या-मांजरांना निवाऱ्यात प्रवेश नाही म्हणूनही कित्येक जण घरातच राहिले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांची सोय धरायला लावली. आमच्याकडे म्हैस, तिकडे कुत्रं, आमच्या घरात गणपती.

रात्र

साडेचार ते साडेदहा, चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेत तीस मूर्ती आणि आज्जी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत चाळीस-चाळीस. चौथ्या खेपेला दादा राहिलेल्या रंगवलेल्या मूर्ती भरायला लागला आणि वहिनी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी राहिली. "आधी साचे."

दोघांचं जोरात वाजलं. रंगवलेली मूर्ती म्हणजे हातात आलेले पैसे. साचा म्हणजे पुढची दहा वर्षं. भर पावसात, डोळ्यांसमोर तयार मूर्ती असताना, पुढच्या दहा वर्षांचा विचार करणं फार कठीण जातं. वहिनीला तो करता आला, कारण साचे भाड्याने आणताना हिशोब तिने ठेवला होता.

आप्पा तोपर्यंत थांबण्याच्या तयारीत होते. माडीवर गॅस, पाण्याचे दोन कॅन, बॅटरी. त्यांना हलवलं ते साच्यांनी. साचे रचायची एक पद्धत असते, जड खाली, रबरी वर, तोंडं आत. दादाला ती जमत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. "सरक, तुला जमायचं न्हाई," म्हणत ते टेम्पोत चढले. उतरवायलाही तेच लागणार होते. एकदा हॉलवर पोहोचल्यावर टेम्पोवाल्याने परत यायला नकार दिला, आणि आप्पा तिथेच राहिले.

दादा, वहिनी आणि मी मागे होतो. वीज गेली होती. मोबाइलच्या उजेडात आम्ही पंचाण्णव मूर्ती हातोहात माडीवर चढवल्या. पहाटे मोरीच्या भोकातून बुडबुडे यायला लागले. आम्ही चालत निघालो तेव्हा पाणी घोट्याला होतं. पंचावन्न मूर्ती खाली राहिल्या.

२३ ची सकाळ उजाडली तेव्हा धोका पातळी कितीतरी मागे पडली होती. पुढे पाणी ५६ फुटांपर्यंत गेलं, २०१९ च्याही वर. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला. पाणी उपसणारी केंद्रं बुडाल्यामुळे शहराच्या नळाला पाणी नव्हतं. चहूकडे पूर आणि प्यायला टँकर, ही स्थिती आम्ही दोन वर्षांत दुसऱ्यांदा पाहिली. आप्पांचे दोन कॅन माडीवर किती दिवस पुरले असते, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही.

हिशोब असा: दोनशे साठपैकी एकशे दहा हॉलमध्ये सुखरूप. माडीवरच्या पंचाण्णवपैकी बारा ओल धरून खराब. खालच्या पंचावन्न गेल्या. साचे सगळे वाचले. माणसं सगळी कोरडी.

मागच्या खोलीतल्या भाडेकरूंबद्दल मला इथे लिहिलंच पाहिजे. नवरा-बायको, एक पोर, सामान दोन ट्रंका. त्यांना निघायला बारा तास नाही, पंधरा मिनिटं पुरली असती. पण त्यांना चढावर कोणी नव्हतं. आमच्या सहा तासांच्या वादात आम्ही कोणीच त्यांना विचारलं नाही की तुम्ही कुठे जाणार. ते पहाटे आमच्याबरोबर पाण्यातून निघाले आणि शाळेतल्या निवाऱ्यात गेले. हॉलमध्ये जागा होती. मूर्तींच्या दोन रांगा सरकवल्या असत्या तर मावले असते. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

पाणी न आलेलं वर्ष

२०२१ नंतर घरात नियम झाला. भिंतीवर रेघ नको, आकडा लिहायचा. आज्जीने गेरूने ३९ लिहिला. इशारा पातळी गाठली की टेम्पो दारात. कोणी कोणाला विचारायचं नाही.

२०२३ च्या जुलैत पातळी ३९ ओलांडून गेली. नियमाप्रमाणे सगळं हललं. आणि पाणी त्रेचाळीसपर्यंत पोहोचलंच नाही, तिथूनच उतरलं. गल्ली कोरडी ठणठणीत. ने-आणीत अकरा मूर्ती मोडल्या, चौदा खेपांचं भाडं गेलं, चार दिवसांचं रंगकाम थांबलं. शेजारच्या घरांनी काही हलवलं नव्हतं आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं. आप्पा आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

या वर्षाबद्दल मी खूप विचार केला, कारण पुढच्या वेळी माणूस थांबतो तो अशाच वर्षामुळे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या घरात लोकांना आधी हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा काही डझनांत राहिला. त्या दहा लाखांतल्या कित्येकांची घरं शाबूत राहिली असतील. परत आल्यावर त्यांना आपण उगाच गेलो असं वाटलं असेल. तरी २०१९ ला फनी आलं तेव्हा तिथली माणसं पुन्हा निघाली. चक्रीवादळाला निदान नाव असतं, धडकण्याची वेळ सांगितलेली असते. आमचा पूर दबकत येतो, त्यामुळे उगाच निघाल्याची टोचणी आम्हाला जास्त लागते.

वहिनीने तिचा हिशोब आप्पांसमोर ठेवला. २०२३ चा खर्च एका पारड्यात, २०१९ चं नुकसान दुसऱ्या. २०१९ च्या एका वर्षात जेवढं गेलं तेवढ्यात असं उगाच निघणं कित्येक वर्षं परवडतं. आप्पांनी आकडे दोनदा तपासले. मान्य केलं असं ते म्हणाले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पोवाल्याला बोलावून सांगितलं की ३९ ला तू आमचा, मग कोणीही किती देवो. त्याबद्दल दरवर्षी मे महिन्यात त्याला काही रक्कम आधी दिली जाते.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. २०२२ पासून मूर्तींच्या उंचीवरचं बंधन उठलं. मंडळं पुन्हा मोठ्या मूर्ती सांगतात, आणि घर त्यावरच चालतं. दहा फुटी मूर्ती छोट्या हत्तीत बसत नाही. तिला मोठी गाडी लागते, आठ माणसं लागतात, आणि पावसात ती उघड्यावर नेता येत नाही. वहिनीने पाटीवर पुन्हा मांडणी केली. बाराचे आता वीस तास होतात. म्हणजे ३९ ला निघून भागत नाही, सदतीसलाच हलायला हवं. सदतीसला नदी पात्राबाहेर आलेली असली तरी शहरात कोणाच्या मनात पूर नसतो. सदतीस पावसाळ्यात कितीदा तरी होतं. दादा म्हणतो, मोठ्या मूर्ती घ्यायच्याच बंद करू. आप्पा म्हणतात, मग कुंभार कशाला म्हणवून घ्यायचं.

भिंतीवर अजून ३९ च आहे. आज्जी आता त्र्याऐंशी पार झाली. तिने गेरूची वाटी भिजवून कोनाड्यात ठेवली आहे आणि सुकली की पुन्हा पाणी घालते. तुमचं ठरलं की सांगा, म्हणते.